हैतीचे ऊन आणि सावल्या : ‘अंडर अ ग्रजिंग सन’

ॲलेक्स वेब या अमेरिकी छायाचित्रकाराचे ‘अंडर अ ग्रजिंग सन’ हे १९८९ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक कॅरिबियन समुद्रातील हैती या देशातील १९८६ ते १९८८ या काळाचे आहे. ७ फेब्रुवारी १९८६ रोजी हुकूमशहा झां-क्लोद दुवालिए देश सोडून पळाला आणि १९५७ पासूनची बाप-लेकांची हुकूमशाही संपली; मात्र २९ नोव्हेंबर १९८७ रोजी राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये मतदानासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसांचीच कत्तल झाली आणि निवडणूक त्याच दिवशी रद्द करावी लागली. एवढा इतिहास ठाऊक करून घेऊनच पुस्तक उघडावे, कारण नुसत्या चित्रांवरून घटनाक्रम उलगडत नाही. ही उणीव मला खटकली.

वेब १९७५ साली प्रथम हैतीत गेले तेव्हा ते कृष्णधवल चित्रे काढत असत. परंतु जिथे भिंती आणि दारेसुद्धा भडक रंगांनी रंगवलेली असतात, तिथल्या जगण्याला करड्या छटा पुऱ्या पडेनात, म्हणून ते रंगाकडे वळले. गरिबी कृष्णधवलातच गंभीर दिसते, ही आपल्याकडच्या छायाचित्र-स्पर्धांतूनही रुजलेली समजूत इथे पार मोडीत निघते.

खरी करामत मात्र सावलीची आहे. कोडाक्रोम ६४ ही मंद गतीची, म्हणजे भरपूर प्रकाश लागणारी, स्लाइड फिल्म. कडक उन्हातल्या भिंतीचा रंग टिकवायचा म्हणून प्रकाशाचे माप त्या भिंतीवरून घेतले, की सावलीत उभा असलेला माणूस जवळजवळ काळाठिक्कर होतो. वेब हीच अडचण रचनेसाठी वापरतात : अगदी पुढे चौकटीच्या कडेने अर्धवट कापलेला चेहरा, मधल्या उन्हात कोणी उभे, आणि मागच्या दारातून तिसरेच कोणी आपल्या वाटेने चाललेले. कोणाचेच कोणाकडे लक्ष नाही, तरी सगळे एकाच ताणाखाली वावरत आहेत, हे त्या गर्दीतून जाणवत राहते.

काही पानांवर ही रचना इतकी चोख होते की समोरच्या माणसापेक्षा छायाचित्रकाराच्या नजरेचेच कौतुक वाटू लागते. रस्त्यावर हिंसाचार चालू असताना असे कौतुक वाटणे मला तरी रुचले नाही. तरीही रस्त्यावरचे छायाचित्रण गांभीर्याने शिकणाऱ्याने हे पुस्तक सावकाश पाहावे. जुनी प्रत मिळाली नाही, तर वेब यांच्या २०११ सालच्या ‘द सफरिंग ऑफ लाइट’ या संकलनात हैतीची निवडक चित्रे आहेत; रंगाची ओळख होण्यास ती पुरेशी आहेत, या तीन वर्षांची अस्वस्थता मात्र मूळ पुस्तकातच सलग भेटते.