दोन कॅमेरे की लायडार?

भाच्याला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी अडथळे ओळखून चालणारी छोटी गाडी बनवायची आहे. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन फेऱ्या झाल्या, तरी ठरेना: अंतर मोजायला दोन कॅमेरे लावू की लायडार, म्हणजे प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर?

दोन कॅमेरे म्हणजे आपले डोळेच. डोळ्यांमध्ये साधारण 6 सेंटिमीटर अंतर असतं, म्हणून दोन चित्रं किंचित वेगळी दिसतात. त्या फरकातून मेंदू वस्तू किती लांब आहे ते जाणतो, हे चार्ल्स व्हीटस्टनने 1838 मध्ये दाखवलं. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, लगेच पटेल. कॅमेऱ्यांचा खर्च कमी, पण मेहनत फार. कॅमेरा जरासा हलला की कॅलिब्रेशन, म्हणजे दोन कॅमेऱ्यांचा मेळ बसवणं, पुन्हा. चाळीच्या कोऱ्या भिंतीवर तर दोन चित्रं जुळवायला खूणच सापडत नाही. शिवाय अंतर दुप्पट झालं की चूक साधारण चौपट होते.

भाचा बघतोय तो लायडार प्रकाश सोडतो आणि परतायला लागलेला वेळ मोजतो. काळोख्या जिन्यातही चालतो. मात्र महाग, आणि काच त्याला चकवते. जुलैच्या धो धो पावसात थेंबांवरूनही प्रकाश परततो.

अंधारात नेमकं अंतर हवं असेल तर लायडार. उजेड असेल आणि समोर माणूस आहे की खुर्ची हेही ओळखायचं असेल तर कॅमेरे. भाच्याची गाडी दिवसा कॉलेजच्या आवारात फिरणार. त्याने कॅमेरेच घ्यावेत.