जुन्या गाडीसाठी ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर

घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा इंजिनचा पिवळा दिवा लागला, तेव्हा ठाण्यातले गॅरेज गाठण्याआधी हा स्कॅनर (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड मोबाइलवर दाखवणारे छोटे उपकरण) स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसवला आणि मोबाइलवर ‘पी०३०१’, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न पेटणे), असा कोड आला. मिसफायर ठिणगी पाडणारा प्लग, त्याला वीज पुरवणारी कॉइल किंवा इंधन फवारणारा इंजेक्टर यांपैकी कशामुळेही होत असल्याने पहिल्या दोन सिलिंडरांच्या कॉइलची अदलाबदल करून कोड पुसला. पुन्हा आलेला कोड ‘पी०३०२’ होता, म्हणजे मिसफायर कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला, त्यामुळे दोष कॉइलचाच ठरला. चालू इंजिनावर बॅटरीचे व्होल्टेजही (साधारणतः १३.८ ते १४.४ असावे) दिसते, हे विशेष उपयोगाचे. एबीएस व एअरबॅगचे कोड मात्र हे स्वस्त उपकरण वाचत नाही, आणि ते तसेच लावून ठेवल्यास बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरू शकते.