समुद्रकाठचं शांत घर आणि गेलेले पैसे

सूर्य मावळून गेला होता, उजेड भराभर कमी होत होता आणि आम्ही दोघी बहिणी एका घराच्या दाराशी उभ्या राहून किल्लीची पेटी शोधत होतो. 'दाराच्या डाव्या हाताला, आकड्यांचं कुलूप असलेली छोटी पेटी' असा निरोप होता. चार आकडे मी तळहातावर पेनाने लिहून ठेवले होते, कारण तिथे नेटवर्क नसतं असं घरमालकाने आधीच बजावलं होतं. डावीकडे नुसती भिंत. उजवीकडेही भिंतच. धाकटी फोनचा उजेड पाडून कुंड्यांच्या मागे बघायला लागली आणि तेवढ्यात आतला दिवा लागला.

घरात माणसं राहत होती.

आम्हाला शरदातला एक शनिवार-रविवार शांतपणे काढायचा होता. खूप चालायचं, समुद्र बघायचा, कुणाशी फारसं बोलायचं नाही, एवढीच अपेक्षा. मी चालण्याच्या बाबतीत काटेकोर आहे, आणि हे मुद्दाम सांगते, कारण फसणारी माणसं बेफिकीर असतात असा आपला समज असतो. कड्यावरून जाणारी १४ किलोमीटरची वाट मी नकाशावर बोटाने चालून काढली होती. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ हिशेब घालून दिलाय: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आमच्या वाटेवर एकूण चढ ४५० मीटर, म्हणजे न थांबता साधारण साडेतीन तास. थांबण्यासह पाच धरले.

वाटेत एक टप्पा पुळणीवरून जात होता, तो फक्त ओहोटीला पार करता येतो. त्यासाठी भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र समान होतात, त्या सुमाराला अमावास्या-पौर्णिमेची उधाणं वर्षातल्या इतर उधाणांपेक्षा सहसा मोठी असतात आणि पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. तो काळ टाळून ऑक्टोबरच्या मध्यातला, चंद्र अर्धा असतानाचा, भांगाचा म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो असा शनिवार-रविवार निवडला. ओहोटी शनिवारी दुपारी होती, रविवारी त्याहून उशिरा. सगळं वहीत लिहिलं. या अभ्यासात दोन संध्याकाळी गेल्या.

घर ठरवून पहिले पैसे पाठवायला वीस मिनिटं लागली.

घर एका प्रसिद्ध बुकिंग साइटवर दिसलं. एकटं, कड्याच्या अलीकडे, पश्चिमेला समुद्र. एकही अभिप्राय नव्हता, 'नवीन' एवढीच खूण. इथे सावध व्हायला हवं होतं. उलट मला वाटलं, नवीन आहे म्हणजे गर्दी अजून पोचलेली नाही. शेजार नाही, तेही बरंच. मालक तिथे राहत नाही, किल्ली पेटीत असते, म्हणजे कुणाला भेटायची भानगड नाही. नेटवर्क नाही, याचा तर आनंदच झाला. आज तीच यादी वाचते तेव्हा दिसतं की मला हवी असलेली प्रत्येक गोष्ट फसवणाऱ्यालाही हवी होती. शेजारी नाहीत म्हणजे विचारायला कुणी नाही. मालक भेटणार नाही म्हणजे त्याचं तोंड बघायची वेळ येणार नाही. नेटवर्क नाही म्हणजे फोन लागला नाही तरी आपण निवांत.

मी साइटवरूनच विचारलं: शांतता आहे ना? उत्तर पाच मिनिटांत आलं. "ताई, शांतता हवी असेल तर याच्यासारखं घर मिळणार नाही. फोनवर बोलूया का?" मला ताई फक्त धाकटी म्हणते. तो शब्द मला लागू पडला, हे कबूल करते. फोनवरचा आवाज मऊ, घाई अजिबात नाही. साइट बरंच कमिशन कापते, थेट बुक केलंत तर भाडं दहा टक्क्यांनी कमी करतो, असं म्हणाला. 'थेट' म्हणजे मी साइट सोडायची, हे त्याने शब्दांत म्हटलंच नाही. उलट एक लिंक पाठवली. उघडलेलं पान हुबेहूब त्या साइटसारखं होतं: तेच रंग, तेच घर, वर कुलपाची खूण.

त्या कुलपाबद्दल जरा थांबून सांगते, कारण मीही वर्षानुवर्षं चुकीचं समजत होते. कुलूप इतकंच सांगतं की तुमच्या आणि त्या पानाच्या मधली वाट कुणाला चोरून वाचता येणार नाही. पान कुणाचं आहे, प्रामाणिक आहे का, याच्याशी त्याचा संबंध नाही. चोराच्या दुकानालाही कुलूप बसतं. बघायचा असतो तो पत्ता, आणि तो मागून बघायचा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडल्या की जी पहिली एकेरी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधी जे नाव असतं तेच खऱ्या मालकाचं. आमच्या लिंकमध्ये प्रसिद्ध साइटचं नाव होतं, पण पुढच्या बाजूला, शोभेला. रेघेच्या आधी 'बुकिंग' आणि 'सुरक्षित' अशा अर्थाचे शब्द जोडून केलेलं भलतंच काहीतरी होतं. असं नाव कधी नोंदलं गेलं हे कुणालाही फुकट बघता येतं. मी बघितलं, पण नंतर. नोंदणी आमच्या बुकिंगच्या नऊ दिवस आधीची होती.

पैसे थेट बँक खात्यात मागितले. खात्यावरचं नाव फोनवरच्या नावाशी जुळेना. विचारल्यावर म्हणाला, "घर भावाच्या नावावर आहे ना ताई, हिशेब तोच बघतो." इतकं घरगुती उत्तर की पुढे विचारणं मलाच उद्धट वाटलं. अर्धं भाडं पाठवलं. दोन दिवसांनी, दुसऱ्या एका पाहुण्यांना तीच तारीख हवी आहे म्हणून उरलेलं अर्धं. गुरुवारी, निघायच्या आदल्या दिवशी, किल्लीची अनामत. ती परत मिळणार होती. ही तिसरी मागणी आली तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, हॉटेलवाला कधी किल्लीचे वेगळे पैसे घेतो का?" मी तिला गप्प केलं. आधीचे दोन हप्ते गेले होते, त्यामुळे तिसरा न देणं म्हणजे पहिले दोन चुकले असं मान्य करणं. मला वाटतं ही माणसं रक्कम तुकड्यातुकड्यांनी मागतात ती याचसाठी.

अनामत पोचल्यावर त्याने एक फोटो पाठवला. गॅलरीतून दिसणारा सूर्यास्त, समुद्रात एक काळा खडक, खाली ओळ: 'कालच संध्याकाळी काढला, ताई. तुमची वाट बघतोय.'

तर त्या दाराशी. दार उघडलं ते साठीच्या एका बाईंनी. मी भाड्याचं, पेटीचं, फोटोंचं सांगितलं. त्यांनी आतून काकांना हाक मारली, काकांनी माझ्या फोनवरचे फोटो चष्मा लावून बघितले आणि म्हणाले, "हे आमचंच घर, पण हे फोटो जुने आहेत. दोन वर्षांपूर्वी घर विकायला काढलं होतं, त्या जाहिरातीतले." विक्री झाली नाही, जाहिरात निघाली, फोटो मात्र इंटरनेटवर राहिले आणि कुणीतरी उचलले. काकू नंतर म्हणाल्या, फोटोत गाद्यांवर चादरी नाहीत हे तुम्ही बघितलं नाहीत का? नव्हतं बघितलं. भाड्याच्या घराच्या फोटोत माणूस आधी पलंग, टॉवेल, कपबशा दाखवतो; विकायच्या घराच्या फोटोत खोल्यांचे कोपरे आणि कुंपण. यातला एक फोटो उचलून उलट शोध, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे याचा शोध, लावला असता तर ती जुनी जाहिरात बहुधा सापडलीही असती. दोन मिनिटांचं काम.

त्यांच्या अंगणात नेटवर्क उत्तम होतं.

त्यांनीच चाळीस मिनिटांवरच्या गावातली एक खोली फोन करून मिळवून दिली. तिथे झोप येईना, म्हणून मी तो सूर्यास्ताचा फोटो आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवून बसले. खडक नकाशावर होता, घरापासून अगदी सरळ पश्चिमेला. फोटोत सूर्य त्या खडकाच्या बऱ्याच उजवीकडे बुडत होता. पश्चिमेकडे तोंड केलं की उजवा हात उत्तरेला येतो. आणि उत्तर गोलार्धात काय, दक्षिण गोलार्धात काय, सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान झाल्यावर मार्चपर्यंत सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेलाच मावळतो. ऑक्टोबरमध्ये तो खडकाच्या डावीकडे दिसायला हवा होता. फोटो कालचा असणं शक्यच नव्हतं. मावळतीची दिशा हा माझा आवडता विषय, मित्रमंडळींना कंटाळा येईपर्यंत सांगत असते, आणि फोटो चोवीस तास माझ्याच फोनमध्ये पडून होता. धाकटी उठून बसली, तिने नकाशा बघितला आणि इतकी हसली की शेवटी मीही हसले.

त्या रात्री एक चूक केली आणि एक गोष्ट बरी केली. चूक ही, की आधी त्याला फोन लावला. तो उचलला गेला नाही, पण आम्हाला कळलंय हे त्याला कळलं. डोळ्यांदेखत एकेक निरोप 'हा संदेश हटवला' असा होत गेला. सकाळी साइटवरची जाहिरातही नव्हती, आणि तिचा स्क्रीनशॉट मी काढलेला नव्हता. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट, मग बँकेला फोन, आणि त्याच्याशी भांडायची हौस असेल तर ती सगळ्यात शेवटी. बरी गोष्ट ही, की बँकेला सकाळची वाट न बघता रात्रीच कळवलं. गुरुवारची अनामत पुढच्या खात्यातून अजून बाहेर पडली नव्हती, तेवढी अडवता आली. भाड्याचे दोन्ही हप्ते कधीच निघून गेले होते. कार्डने भरले असते तर व्यवहारावर हरकत घेण्याचा रस्ता होता; खात्यातून मी स्वतः पाठवलेल्या पैशांना बँक 'तुम्हीच मंजूर केलेला व्यवहार' म्हणते, आणि तिथून सगळं अवघड होत जातं. पोलिसांत तक्रार दिली. साइटचं उत्तर आलं की व्यवहार त्यांच्याबाहेर झाला असल्याने ते काही करू शकत नाहीत. राग आला, पण साइट सोडून मीच गेले होते.

रविवारी आम्ही वाट चाललो. पाच तास लागले, पुळण ओहोटीत कोरडी मिळाली. वहीतला हिशेब बरोबर निघाला.

हे एवढ्यावर संपत नाही, आणि हा भाग कुणी सांगत नाही म्हणून सांगते. झालेला प्रकार मी सोशल मीडियावर लिहिला. तीन दिवसांत एका 'वसुली सल्लागारा'चा फोन आला. माझ्या बुकिंगची तारीख माहीत, रक्कम माहीत, बोलणं समजूतदार. तुमच्यासारखेच आणखी लोक आहेत, खातं गोठवलंय, तुमचे पैसे दिसतायत, फक्त अर्जाचं शुल्क भरा आणि हे ॲप टाकून घ्या म्हणजे मी तुमच्या स्क्रीनवर दाखवतो. मी ॲप उतरवायला सुरुवातसुद्धा केली होती. एकदा फसलेल्याची नावं पुढे विकली जातात, आणि फसलेल्या माणसाला पैसे परत मिळण्याची आशा इतकी असते की तो पहिल्यापेक्षा सोपा सापडतो. मला थांबवलं ते माझ्या हुशारीने नाही. बोलता बोलता तो म्हणाला, "ताई, घाबरू नका."

मी फोन ठेवला आणि फोनमध्ये टाकलेलं अर्धवट ॲप काढलं. तक्रारीचा क्रमांक वहीत आहे, भरती-ओहोटीच्या कोष्टकाच्याच पानावर. मागच्या आठवड्यात बँकेचं पत्र आलं: ज्या खात्यात भाडं गेलं ते बंद झालंय, शिल्लक शून्य, चौकशी सुरू.