पत्र्याच्या डब्यातले शिपाई: चोरबाजारातील एका दुकानाविषयी

मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीटला लागून असलेल्या एका बोळात, ग्रामोफोनचे कर्णे आणि जहाजांवरचे पितळी कंदील मांडून बसलेल्या दुकानांच्या मागे, जेमतेम दोन माणसे उभी राहतील एवढे एक दुकान आहे. त्याला पाटी नाही. गेल्या तीन वर्षांत मी तेथे दहा-बारा खेपा तरी घातल्या असतील, आणि जुन्या ॲक्शन फिगर, म्हणजे हातपाय हलणाऱ्या खेळण्यातल्या छोट्या बाहुल्या, जमवणारे ओळखीचे लोक तेथे जावे का असे वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. अवश्य जावे, मात्र सीलबंद पाकिटाची आशा घरी ठेवून आणि बारीक तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालून जावे.

येथील माल बहुतांशी भारतात तयार झालेला आहे आणि माझ्या लेखी तेच या दुकानाचे खरे आकर्षण. एमआरएफ आणि अमेरिकेतील हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ साली फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी उभी राहिली आणि हॅस्ब्रोच्या साच्यांतून जी. आय. जो नावाचे पावणेचार इंची शिपाई येथेच तयार होऊन आपल्या हाती आले. चेहरा तोच, पण गणवेशाचा रंग मूळ अमेरिकी शिपायापेक्षा निराळा, असे त्यातले कित्येक नमुने आहेत, आणि आपण शाळेच्या दप्तरात घालून झिजवलेल्या या बाहुल्यांना परदेशी संग्राहक आज मागणी करतात ती या वेगळेपणामुळेच. शिपायाच्या पाठीवर कोरलेले साल दाखवून दुकानदार 'शहाऐंशीचा पीस आहे' असे सांगतात, त्यावर मात्र विसंबू नये. ते साल साच्याच्या हक्काचे (कॉपीराइटचे) असते आणि त्या साच्यातून पुढे अनेक वर्षे माल निघत राहिलेला असतो.

दुकानाचे मालक रत्नागिरीकडचे असून गिऱ्हाईक मराठी बोलणारे आहे असे कळताच कोकणी वळणाच्या मराठीत बोलू लागतात. मी त्यांना चाचा म्हणतो. 'बसा, डबा काढतो,' असे म्हणून ते फळीखालून बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा ओढतात आणि सगळा ऐवज वर्तमानपत्रावर ओततात. सुटी डोकी, पाय, नखाएवढ्या बंदुका, मध्येच एखादे चाक किंवा कॅरमची सोंगटी. जुन्या मऊ प्लॅस्टिकचा तो किंचित गोडसर, चिकट वास बोटांना दिवसभर राहतो. प्लॅस्टिक मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षांच्या उष्म्याने पृष्ठभागावर येते, त्याचा हा चिकटपणा. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुतल्यावर तो बराच जातो.

शिपाई नजरेने पारखण्यापेक्षा हाताने पारखावा. त्याच्या पोटात एक काळी रबरी कडी असते, जिला आपण सगळे ओ-रिंग म्हणतो. पायांना जोडणारा धातूचा आकडा या कडीने वर ताणून धरलेला असतो आणि सारे शरीर पाठीवरच्या एकाच स्क्रूने बंद होते. धड धरून पाय हलकेच खाली ओढावेत. ते चटकन जागेवर गेले तर कडी जिवंत आहे, लोंबकळले तर ती वाळून तुटली आहे. कडी तुटली म्हणून शिपाई टाकून देऊ नये, कारण त्या मापाची कडी नागदेवी स्ट्रीटवर किरकोळ पैशांत मिळते. खरी पंचाईत स्क्रूची. मुंबईच्या दमट हवेत तो गंजतो आणि घाई केली की त्याची खाच झिजते, म्हणून तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर थांबणे बरे. अंगठे मात्र आधी पाहावेत. बंदूक बळेच मुठीत कोंबल्याने तेच प्रथम तुटतात आणि त्यांना उपाय नाही.

या दुकानात मी एकदा चांगलाच फसलो. अडीचशे रुपयांना घेतलेला एक शिपाई कमरेत विलक्षण घट्ट वाटला आणि मी त्याला उत्तम स्थितीतला समजलो. घरी येऊन पाठ उघडली तेव्हा कमरेचा तुकडा मधोमध मोडलेला होता, आणि कोणीतरी झटपट चिकटणाऱ्या डिंकाने आकडा, कडी आणि पाय यांचा एकच गोळा करून टाकला होता. चाचांनी पैसे परत केले नाहीत. 'तो तसाच आला होता हो माझ्याकडे,' एवढे म्हणून त्यांनी दोन बंदुका आणि एक पाठपिशवी माझ्या हातावर ठेवली. त्या पाठपिशवीसाठी मी वर्षभर वणवण केली होती, त्यामुळे भांडण तेथेच मिटले.

ही-मॅन या कार्टूनमधल्या वीराच्या मंडळींपैकी लिओ मॅटेल कंपनीने भारतात काढलेल्या साडेपाच इंची बाहुल्या अधूनमधून येतात, पण चिलखतासह आलेली मला एकदाही दिसली नाही. कंबर वळवून सोडावी; ती आपोआप झटक्याने परत फिरली तर आतली स्प्रिंग शाबूत आहे असे समजावे. केनर या अमेरिकी कंपनीच्या स्टार वॉर्स चित्रपटांवरील बाहुल्या हव्या असणाऱ्यांनी हा फेरा घालू नये.

किमतीबाबत माझी तक्रार आहे. पूर्वी चाचा मूठभर माल एकाच ठोक किमतीत देत असत, पण अलीकडे त्यांचा पुतण्या मोबाइलवर परदेशी लिलावांतले भाव पाहतो आणि सीलबंद पाकिटाची किंमत एकच हात उरलेल्या शिपायाला लावतो. त्याने चार हजार सांगितलेला नग मी तासाभराने, तो चहाला गेल्यावर, चाचांकडून सहाशेला घेतला. असे करणे योग्य होते की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही.

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेकडून चालत जाता येते. शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. तेथेही खेळणी दिसतात, पण त्या गर्दीत स्क्रू उघडून पाहायला कोणी उसंत देत नाही. चाचांकडे सकाळी अकरानंतर, सुटे पैसे आणि टॉर्च घेऊन जावे, कारण त्या बोळात भरदुपारीही पाठीवरचे साल वाचता येत नाही.