थोरात, चव्हाण, वैद्य आणि नौपाड्यातले फ्रेमवाले काका

आमच्या सोसायटीच्या वाचनालयासाठी युद्धकाळातल्या तीन महाराष्ट्रीय नेत्यांचे फोटो फ्रेम करून घेतले. काम ठाण्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीतल्या छोट्या दुकानात दिलं होतं. इतक्या मन लावून केलेलं काम हल्ली दिसत नाही.

जनरल अरुणकुमार वैद्यांच्या फोटोचंच बघा. अलिबागचा हा माणूस. 1965 ला खेमकरण भागात डेक्कन हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट घेऊन पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर उभा राहिला, 1971 ला बसंतरच्या लढाईत चिलखती ब्रिगेडचा प्रमुख होता. दोन्ही वेळा महावीर चक्र! नेहमीच्या मापाचं माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावलं असतं तर छातीवरच्या फितींची रांग झाकली गेली असती. काकांनी ते स्वतःच ओळखलं, आधी फोन केला आणि माउंट खालून मोठं कापलं. महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी नारिंगी फीत आता स्वच्छ दिसते. मुलांना मला तीच तर दाखवायची आहे.

यशवंतराव चव्हाण लष्करातले नाहीत, मग त्यांचा फोटो मधे का, असं काकांनी विचारलं. मला फार बरं वाटलं, मी सगळं सांगितलं. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात कोल्हापूरकडच्या वडगावचे. पूर्व विभागाची सूत्रं हातात असताना, 1960 साली, चीनचा हल्ला कसा होईल हे त्यांनी सरावातून मांडून दाखवलं होतं. दिल्लीने ते मनावर घेतलं नाही. 1962 चा पराभव झाला आणि संरक्षण खातं देवराष्ट्र्याच्या यशवंतरावांकडे आलं. खचलेलं सैन्य त्यांच्या कारकिर्दीत पुन्हा उभं राहिलं, आणि 1965 ला वैद्य लढले ते याच सैन्यातून. हे ऐकल्यावर काकांनी तिन्ही फ्रेमना एकच सागवानी पट्टी सुचवली आणि भिंतीवर हुकही स्वतः येऊन एका रेषेत ठोकून दिले.

पावसाळ्यात फोटो काचेला चिकटू नये म्हणून मधे फट ठेवली आहे, मागून हार्डबोर्ड पट्टीने बंद केलाय. तिन्हींचे मिळून 4,500 रुपये झाले. स्वस्त नाही, पण वाजवी आहे. घाई असेल तर मात्र इथे जाऊ नका, काका एकटेच काम करतात.

मेजर राम राघोबा राणे यांचा फोटोही मी काकांकडेच देणार आहे. 1948 ला राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता मोकळा करून देणारे हे परमवीर कारवारकडचे, म्हणजे कर्नाटकातले, म्हणून आमच्या समितीने त्यांना या यादीत घेतलं नाही. मला ते पटलेलं नाही. समोरची भिंत रिकामीच आहे.