गृहकर्जात जादा पैसे: दर महिन्याला, वर्षातून एकदा, की हाताशीच ठेवायचे?

कर्ज लवकर फेडायचं ठरलं की पहिला आठवडा मोठ्या उत्साहात जातो. मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडायचा, जादा रक्कम टाकायची, की वीस वर्षांची सोळा होतात. मी असे कितीतरी आठवडे काढले आहेत. पण ती सोळा वर्षं घरातल्यांनी कशी काढायची, हे कॅल्क्युलेटर सांगत नाही. म्हणून तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघू. आधी हिशोब, मग घर.

सोयीसाठी कर्ज १,००,०००, व्याज ८ टक्के, मुदत २० वर्षं धरू. हप्ता साधारण ८३६ येतो. वीस वर्षांत व्याज जातं सुमारे १,००,७५०, म्हणजे घेतलं तेवढंच पुन्हा. पहिल्या हप्त्यातले ६६७ व्याजात जिरतात, मुद्दल घटतं जेमतेम १७० ने. तुमचं कर्ज याच्या जितक्या पट, तितक्या पटीनं रकमा वाढवा. दर आणि मुदत हीच असेल तर महिन्यांचे आकडे बदलणार नाहीत.

पर्याय पहिला: दर महिन्याला हप्त्याच्या १० टक्के जादा, म्हणजे ८४. कर्ज १६ वर्षं २ महिन्यांत संपतं आणि व्याजातले जवळपास २२,००० वाचतात. पगारातून परस्पर कापून जातात, त्यामुळे ‘भरू की नको’ हा प्रश्नच उरत नाही. ज्यांच्या खात्यात पैसा टिकत नाही (आमच्या घरात तो माणूस मी नाही, एवढंच सांगते) त्यांच्यासाठी हाच रस्ता बरा.

पर्याय दुसरा: तेच ८४ दर महिन्याला वेगळ्या खात्यात साठवायचे आणि वर्षाअखेरीस एकदम कर्जात भरायचे. सगळ्यांना वाटतं, यात फार नुकसान होत असणार. मलाही वाटायचं. मग एकदा बसून हिशोब केला. कर्ज संपायला फक्त महिना-दीड महिना जास्त लागतो. सोळा वर्षांत मिळून एवढाच फरक, आणि साठलेल्या पैशांवर खात्यात मिळणारं व्याज तर मी धरलेलंही नाही. त्या बदल्यात वर्षभराची जमा तुमच्या हातात असते. दात दुखला, छत गळलं, नोकरी डळमळली, तर ते पैसे तुमचेच. कर्जात एकदा भरलेला पैसा मात्र सहसा मागून परत मिळत नाही.

पर्याय तिसरा: सध्या जादा काहीच भरायचं नाही. हा ऐकायला आळशीपणा वाटतो, पण काही घरांसाठी हाच शहाणपणाचा आहे. क्रेडिट कार्डाची किंवा वैयक्तिक कर्जाची थकबाकी असेल तर आधी ती मिटवा, तिचा दर गृहकर्जाहून चढाच असतो. पाच-सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर आधी तो जमवा. कर वजा जाता खात्रीचा परतावा कर्जाच्या दरापेक्षा जास्त मिळत असेल, तर घाई कशाला?

कागदावरची चौकट

आम्ही पहिला पर्याय घेतला होता, आणि तोही दहा टक्क्यांवर नाही, पंचवीसवर. फ्रिजवर चौकटींचा कागद लावला होता, एक चौकट म्हणजे एक महिना. जादा रक्कम भरली की मुलगी ती चौकट रंगवायची. सुरुवातीला मजा होती. हळूहळू प्रत्येक खर्चासमोर तो कागद उभा राहायला लागला. नवऱ्याने जुने बूट तिसऱ्यांदा शिवून आणले तेव्हा मी मनातून खूश झाले होते, हे आज लिहितानाही लाज वाटते.

मग वॉशिंग मशीन बंद पडलं. नेमकी आदल्याच आठवड्यात सगळी शिल्लक कर्जात टाकली होती. नवं मशीन कार्डावर घेतलं आणि ती रक्कम फेडायला सहा महिने लागले, गृहकर्जाच्या कितीतरी पट दराने. म्हणजे आठ टक्के वाचवायला गेलो आणि त्याहून कितीतरी महाग पैसा उचलून आणला. तरी डोळे उघडले ते त्याने नाही. मुलीच्या दप्तरात एक जुनं पत्रक सापडलं, शाळेच्या सहलीचं, तारीख उलटून गेलेली. विचारलं, दाखवलं का नाहीस? म्हणाली, “मग या महिन्याची चौकट राहिली असती ना.”

कागद त्याच रात्री काढला.

तेव्हापासून आम्ही दुसऱ्या पर्यायावर आहोत, आणि रक्कम ठरवायची पद्धतही बदलली. आधी चांगल्या महिन्यात काय शिल्लक पडते ते बघायचो. आता गेल्या वर्षातला सगळ्यात वाईट महिना काढतो, फी, आजारपण आणि लग्नकार्य एकत्र आलेला, आणि त्या महिन्यातही न कुरकुरता काय बाजूला पडलं असतं तेवढीच रक्कम धरतो. आकडा लहान येतो. पण त्यावरून वाद होत नाहीत. आणि ‘परवडत नाही’ हे वाक्य खरोखर परवडत नाही तेव्हाच तोंडात येतं.

मुदत कमी की हप्ता कमी?

मोठी रक्कम भरली की कर्ज देणारे बहुधा हा प्रश्न विचारतात आणि तिथे बरेच जण न वाचता सही करतात. वरच्याच कर्जात पहिल्या वर्षाअखेरीस १०,००० भरले असं समजा. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर सुमारे ४६ महिने उडतात आणि व्याजाचे जवळजवळ २९,००० वाचतात. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला तर तो ८३६ वरून ७५१ वर येतो, पण वाचतात फक्त साडेनऊ हजार.

इथवर मुदतीची बाजू उघड जड आहे. पण माझं मत थोडं वेगळं. हप्ता कमी करून घ्या आणि शुल्क लागत नसेल तर दर महिन्याला जुन्या हप्त्याइतकेच पैसे भरत राहा. असं केलं तर कर्ज त्याच सुमारास संपतं. फरक इतकाच की बंधन ७५१ चं असतं, वरचे ८५ तुमच्या मर्जीचे. एखाद्या महिन्यात तंगी आली तर ते थांबवायला कुणाची परवानगी लागत नाही. रात्री झोप लागण्याच्या दृष्टीने या ८५ ची किंमत मोठी आहे.

कर्ज शेवटाकडे आलेल्यांसाठी हिशोब पारच निराळा. तेच १०,००० पंधरा वर्षं झाल्यावर भरले तर वाचतात फक्त चार हजारांच्या आसपास. दर दोन्हीकडे आठ टक्केच, पण पहिल्या वर्षीच्या पैशाला काम करायला एकोणीस वर्षं मिळतात, इथे उरलेली पाच. तेव्हा शेवटच्या टप्प्यात घरातल्यांच्या सुट्ट्या रद्द करून जादा भरणं मला तरी पटत नाही. उलट कर्ज नवं असेल आणि दोघं कमावते असाल, तर पहिली चार-पाच वर्षं जरा आवळून घ्यायला हरकत नाही. मुलं लहान असतील तर तेवढंही नको.

काही ठिकाणी बचत खात्याला जोडलेलं गृहकर्ज मिळतं. त्यात खात्यात पडून असलेल्या रकमेवर कर्जाचं व्याज लागत नाही आणि पैसा हवा तेव्हा काढता येतो. आपल्या प्रश्नाला हे जवळपास नेमकं उत्तर आहे, पण त्याचा दर बहुधा थोडा जास्त असतो. खात्यात नेहमी बऱ्यापैकी शिल्लक राहणार असेल तरच ते परवडतं.

भरण्याआधी करारात दोन गोष्टी बघा. एक, मुदतपूर्व फेडीवर शुल्क आहे का. स्थिर दराच्या कर्जात ते असण्याची शक्यता जास्त. दोन, व्याज कोणत्या शिलकीवर मोजतात, रोजच्या, महिन्याच्या की वर्षाच्या. वर्षाच्या असेल तर मधल्या महिन्यांत भरून काहीच मिळत नाही, वर्षाअखेरच गाठा.

आणि भरताना सोबत लेखी द्या की ही रक्कम मुद्दलापोटी आहे. आमची एकदा पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ जमा धरली गेली होती. मला ते चार महिन्यांनी कळलं, तेही नवं वेळापत्रक मागितलं म्हणून.