महालातले टेलर काका: शर्ट चार दिवस उशिरा, तरी पाच स्टार

नागपुरात महाल भागातल्या बडकस चौकातून आत गल्लीत वळलं की एका खोलीचं दुकान आहे, बोर्डावरचं नाव उन्हानं पार उडून गेलंय पण कोणालाही शर्टवाले काका विचारा, सांगतील. दोन महिन्यांत तीन शर्ट शिवून घेतले म्हणून लिहितोय. शिलाई 450, कापड आपलं न्यायचं, म्हणजे रेडिमेडपेक्षा स्वस्त काही पडत नाही. आणि तारखेचा भरवसा धरू नका, माझा पहिला शर्ट चार दिवस उशिरा मिळाला.

उशीर का झाला ते मात्र सांगतोच. कापड बारीक निळ्या रेघांचं होतं. मी घ्यायला गेलो तेव्हा शर्ट तयार, इस्त्री झालेली, मी पैसे काढले, अन् काकांनी शर्ट उजेडाकडे धरला आणि थांबले. खिशाची रेघ खालच्या रेघेला मिळत नव्हती, फरक किती तर एका दोऱ्याएवढा. म्हटलं काका राहू द्या ना, कोणाले दिसते. तर म्हणे, "तुमाले नाई दिसत भाऊ, मले तं दिसते ना." आणि ब्लेड घेऊन तिथंच खिसा उसवायला बसले. लग्नसराईचं काम अंगावर होतं, त्यामुळे तो खिसा परत बसायला चार दिवस गेले. रुपया जास्त घेतला नाही.

मला ते एवढं का लागलं, तर मी स्वतः दोन वर्षं एमआयडीसीतल्या एका गारमेंट युनिटमध्ये लाईनवर शर्ट शिवायचो. शर्ट म्हणजे कफ. फक्त कफ, तासाला 50 जोड्यांचं टार्गेट, डावीकडून बंडल यायचं, उजवीकडे जायचं, बाही कोण जोडते, कॉलर कोण बसवते काही संबंध नाही, बाजूच्याशी दोन शब्द बोललो की सुपरवायझर डोक्यावर उभा. कफ वाकडा गेला तर वाईट नाही वाटायचं, फक्त पैसे कटायची भीती वाटायची. दोन वर्षांत एकदाही पूर्ण शर्ट हातात घेऊन पाहिला नाही.

जर्मन विचारवंत कार्ल मार्क्सनं हे 1844 मध्ये पॅरिसला असताना वह्यांमध्ये लिहून ठेवलं होतं, तेव्हा तो 26 वर्षांचा होता, आणि त्या वह्या छापून आल्या थेट 1932 मध्ये. मराठीत त्याला परात्मता म्हणतात. कामगार आपण बनवलेल्या वस्तूपासून तुटतो, कामापासून तुटतो, बाजूच्या माणसापासून तुटतो आणि शेवटी स्वतःच्या माणूसपणापासून. तो म्हणतो कामगाराला कामाबाहेरच आपण आपले वाटतो, आणि सक्ती उठली की तो प्लेगपासून पळावं तसा कामापासून पळतो. मी दोन वर्षं सुट्टीच्या भोंग्यावर जगलोय, मला हे कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

सुपरवायझर म्हणायचा, माणसाचा स्वभावच कामचोर, धाक नसला तर कोणी हात हलवणार नाही. नागपुरात हे बोलणं जुनंच आहे. इथली एम्प्रेस ही कापड मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, नाव त्याच्यावरूनच, आणि तेव्हापासूनच कामगार रोज येत नाहीत ही मॅनेजमेंटची तक्रार. मिलचे मालक जमशेटजी टाटांनी बक्षिसं, पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड असं बरंच सुरू केलं, त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती, पण काम तेच राहिलं. माझे आजोबा तिथेच होते, दिवसभर तुटलेला धागा जोडायचा, एवढंच. आम्ही कोष्टी, गोळीबार चौकाकडचे. तेच आजोबा रविवारी कोणी न सांगता घरच्या मागावर बसायचे, साडीचा काठ मनासारखा उतरला नाही तर जेवायला उठायचे नाहीत. कामचोर माणूस असा असते का?

आता मिल गेली, त्या जागेवर मॉल आहे. तिथे एकदा आमच्या लाईनचा शर्ट टांगलेला दिसला, कफवरूनच ओळखू आला, आणि टॅगवरची किंमत म्हणजे माझी चार दिवसांची मजुरी. पूर्ण शर्ट पहिल्यांदा पाहिला तो असा, घेऊ शकलो नाही.

काकांचं दुकान म्हणजे स्वर्ग आहे असं मुळीच म्हणत नाही. भाडं वाढते, रेडिमेडमुळे शिलाईचा दर वाढवता येत नाही, रात्री अकरापर्यंत मशीन चालते, दोन कारागीर पीस रेटवरच, म्हणजे नगावर मजुरी घेणारे आहेत आणि काकांचा पोरगा या धंद्यात यायला तयार नाही. पण तिथला कारागीर कटिंगपासून बटणापर्यंत अख्खा शर्ट उभा करतो, अन् तो कोणाचा आहे हे त्याला माहीत असते, खांदा उतरता आहे, ढेरी आहे, सगळं.

तिसऱ्या शर्टाच्या वेळी मी काकांना भीत भीत विचारलं की माझ्या शर्टाचे कफ मी शिवू का. ते काही न बोलता मशीनवरून उठले, बकरम, म्हणजे कफच्या आत घालायचं कडक कापड, माझ्या हातात दिलं. एक जोडी कफला मला चाळीस मिनिटं लागली, लाईनवर मिनिटभर लागायचा, आणि डाव्या कफची टीप मी दोनदा उसवली.

सोमवारी दुकान बंद असते. फोनपे चालते. दिवाळीचे कपडे असतील तर दसऱ्याआधीच कापड नेऊन द्या, नंतर काका सरळ नाही म्हणतात.